उभी रेघ का थरथरते?

या महिन्यात आलेली चार पत्रं वाचून मला हसूच आलं. एक छापखानदार, एक कॉलेजचा मुलगा, एक संशोधक विद्यार्थिनी आणि एका गणपती मंडळाचा कार्यकर्ता. एकमेकांशी काही संबंध नाही, पण चौघंही एकाच ठिकाणी अडकलेत. आरसा प्रकाशाचा किरण फिरवतोय आणि तो किरण या क्षणाला नेमका कुठे आहे, हे यंत्राला वेळेवर कळत नाहीये. म्हणून संपादकांना सांगून मिक्सर-इन्व्हर्टरची नेहमीची पत्रं पुढच्या अंकात ढकलली. ३१ वर्षं झेरॉक्स मशिनं आणि लेझर प्रिंटर उघडण्यात गेली, तेव्हा एवढा हट्ट मला परवडतो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नारायण पेठेत आमचं डीटीपी आणि छोट्या ऑफसेटचं काम चालतं. बिलबुकं, पावतीपुस्तकं, शाळांच्या हजेरीवह्या. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढतो, त्यावरून प्लेट. दिवाळीपासून उभ्या रेघांना करवतीसारखे बारीक दाते पडताहेत. आडव्या रेघा अगदी स्वच्छ. मजकुरात फारसं कळत नाही, पण हजेरीवहीच्या तीस-एकतीस उभ्या रेघा शेजारी शेजारी आल्या की डोळे दुखतात आणि शाळावाले वह्या परत पाठवतात. दुरुस्तीवाला म्हणतो, मोटर गेली, अख्खं स्कॅनर युनिट बदला. खर्च करण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. आणि आडवी रेघ सरळ येते, मग उभीच का बिघडते?
(नारायण पेठेतले एक मुद्रक)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण निदान त्यातच आहे.

लेझर प्रिंटरमध्ये लेझर जागचा हलत नाही. हलतो तो आरसा. नाण्याहून थोडा मोठा, चार किंवा सहा बाजूंचा चकचकीत तुकडा मोटरच्या आसावर बसवलेला असतो. किरण त्याच्या एका बाजूवर पडतो. बाजू फिरते तसा परतलेला किरण ड्रमवर, म्हणजे चित्र आधी ज्यावर उमटतं त्या नळकांड्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. ती बाजू सरली की पुढची समोर येते आणि किरण पुन्हा पहिल्या टोकाला. एका बाजूची एक धाव, एका धावेची एक ओळ. ड्रम सावकाश फिरत असतो म्हणून ओळी एकाखाली एक बसतात.

तुमची आडवी रेघ म्हणजे अशा दोन-चार धावा. एका दमात मारलेल्या. त्यात दाते पडायला जागाच नाही. उभी रेघ मात्र यंत्राच्या लेखी रेघ नसतेच, ती विटांची भिंत असते. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या छपाईत, २५ सेंटिमीटर उभ्या रेघेत साधारण ५,९०० धावा येतात. प्रत्येक धावेत त्या रेघेच्या वाट्याचे दोन-चार ठिपके, आणि ते वरच्या ठिपक्यांच्या बरोब्बर खाली पडायला हवेत. गवंडी ओळंबा लावतो. इथे ओळंबा कसला?

हिशेब करून बघू. कागद सेकंदाला १०० मिलिमीटर सरकतोय असं धरा, म्हणजे मध्यम वेगाचा ऑफिसातला प्रिंटर. ६०० डीपीआयला सेकंदाला २,३६२ ओळी. सहा बाजूंचा आरसा असेल तर तो मिनिटाला २३,६०० फेरे मारतो. एका ओळीला मिळतात ४२३ मायक्रोसेकंद, आणि किरण प्रत्यक्ष कागदाच्या रुंदीवर असतो तो त्यातला साधारण साठ टक्के वेळ, म्हणजे २५४ मायक्रोसेकंद. तेवढ्यात २१० मिलिमीटर कापायचे. ठिपक्याचा वेग निघतो सेकंदाला ८२० मीटरच्या वर, आवाजाच्या दुपटीहून जास्त! तुमच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. एका ठिपक्याच्या वाट्याला येतो साधारण ५१ नॅनोसेकंदांचा वेळ. लेझर पेटवायला एवढा उशीर झाला की ती वीट एक घर सरकली.

मग वेळ मोजायला सुरुवात कुठून करायची? पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येतं तेच माझ्याही आलं होतं : मोटरकडून. मोटर तर प्रत्येक फेऱ्याला आपले इशारे देत असतेच. पण आरशाच्या सहा बाजू काही देवानं आखलेल्या नसतात. दोन बाजूंमधला कोन ६० अंशांऐवजी एका कलेनं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागानं, कमी-जास्त झाला तर परावर्तनात ती चूक दुप्पट होते आणि या मापाच्या भिंगातून ड्रमवर पोचेपर्यंत जवळजवळ दहावा हिस्सा मिलिमीटर होते. दोनाहून अधिक ठिपके. मोटरच्या भरवशावर बसलं तर दर सहा ओळींनी तीच वीट तशीच पुढे आलेली दिसेल.

म्हणून यंत्र मोटरला विचारत नाही, थेट किरणाला विचारतं. कागदाची कड सुरू होण्याच्या जरा आधी, किरणाच्या वाटेत एक चिमुकला आरसा आणि त्याच्यासमोर प्रकाश ओळखणारा डायोड बसवलेला असतो. धाव सुरू झाली की किरण आधी त्याच्यावरून जातो, डायोड एक ठोका देतो, आणि त्या ठोक्यापासून मोजलेल्या ठरावीक वेळानं छपाई सुरू होते. बाजू कितीही वेडीवाकडी असो, किरण जेव्हा तिथे आला तेव्हाच ठोका पडला, त्यामुळे कोनाची चूक आपोआप वजा होते. याला आम्ही बीडी म्हणतो, बीम डिटेक्ट. माझ्याकडे शिकायला आलेली पोरं ‘काका, बिडी पेटत नाहीये’ म्हणून खिदळायची. गंमत म्हणजे तक्रार अचूक असायची : जुन्या मशिनांवर ठोका सलग काही वेळ आला नाही की यंत्र छपाई थांबवून बिघाडाचा आकडा दाखवायचं.

तेव्हा तुमचा ओळंबा म्हणजे हा ठोका. भिंत वाकडी येतेय, तर आधी ओळंबा तपासा. गवंड्याचे हात नंतर.

घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षा सांगतो. कोरलवर किंवा जे काही वापरत असाल त्यावर ए-फोर पानात तीन उभ्या रेघा ओढा : एक डाव्या कडेला, एक मधोमध, एक उजव्या कडेला. जाडी प्रिंटरला जमेल तितकी कमी. छापून प्लेट तपासायच्या भिंगाखाली धरा.

तिन्ही रेघांना सारखेच दाते असतील, म्हणजे डावीकडे जिथे दाता उजवीकडे सरकलाय तिथेच मधल्या आणि शेवटच्या रेघेतही तो तितकाच सरकलाय, तर अख्खी ओळच उशिरा सुरू झाली. दोष ठोक्याचा. ज्या कडेला धाव सुरू होते तिथली रेघ सरळ, आणि दुसऱ्या कडेकडे जावं तसे दाते वाढत जाताहेत, तर सुरुवात बरोबर आहे, धावेची लांबी बदलतेय. तेव्हा मोटरचा वेग किंवा आरशाच्या बाजूंचा सपाटपणा संशयित. वेगात दहा हजारात एकाचा फरक पडला तरी दुसऱ्या टोकाला अर्धा ठिपका हलतो. मग तुमचा दुरुस्तीवाला बरोबर आणि मी माघार घेतो. दाते जर दर पाव मिलिमीटरनं तंतोतंत तसेच येत असतील तर ते सहा बाजूंचं चक्र समजा. काही ताळतंत्र नसेल तर विजेचा गोंगाट. आणि रेघ दात्यांऐवजी लांब लाटेसारखी डोलत असेल, तर स्कॅनरला हातच लावू नका, कागद तिरका ओढला जातोय. रोलर बघा.

(आडव्या रेघांचं अंतर समान आहे, पट्टे पडत नाहीत, हीसुद्धा चांगली खूण. आरशाची बाजू वर-खाली कलली तर ओळी जवळ-लांब होऊन पट्टे पडतात. त्यावर दंडगोल भिंगाचा उपाय आहे, आणि त्याचं श्रेय गॅरी स्टार्कवेदर यांना देतात. झेरॉक्स कंपनीत १९६९ मध्ये त्यांनी लेझरनं छापायचा घाट घातला, वरिष्ठांना ते खूळ वाटलं, म्हणून १९७१ मध्ये ते कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथे त्यांनी ते तडीस नेलं. आरसा अतिअचूक बनवण्यात पैसा ओतण्यापेक्षा त्याची चूक भिंगानं गिळून टाकायची, हा विचार मला कायम आवडलाय.)

तुमच्या पत्रावरून माझा कौल पहिल्या शक्यतेला आहे, आणि त्याला कारण ‘दिवाळीपासून’ हा शब्द.

१९९४ मधली गोष्ट. लक्ष्मी रोडजवळ जिन्याखाली एक डीटीपी सेंटर होतं. तक्रार हीच, उभ्या रेघांना दाते. मी मोटरचा आवाज ऐकला, मान डोलावली, मोटर बदलली. दाते तसेच. कंट्रोल कार्ड बदलून पाहिलं. तसेच. तिसऱ्या खेपेला २० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप स्कूटरच्या पुढच्या बाजूला पायांत ठेवून नेला आणि बीडीचा ठोका पडद्यावर लावला. ताठ उभा राहायला हवा तो ठोका दमलेल्या माणसासारखा सावकाश चढत होता, उंचीही जेमतेम निम्मी. मालक रोज सकाळी मशिनच्या डोक्यावरच्या गणपतीच्या तसबिरीला दोन उदबत्त्या लावायचे, आणि त्या बरोबर पंख्याच्या तोंडाशी. वर्षभराच्या धुराची तेलकट साय त्या चिमुकल्या आरशावर बसली होती.

साय बसल्यानं रेघ का थरथरावी? ठोका ठरावीक उंची ओलांडतो त्या क्षणाला यंत्र ‘आला’ म्हणतं. उभा कडा असेल तर उंचीत थोडा गोंगाट मिसळला तरी तो ओलांडायचा क्षण फारसा बदलत नाही. पण चढ सपाट झाला की तेवढाच गोंगाट त्या क्षणाला पुढे-मागे ढकलतो. एका ठोक्याला ४० नॅनोसेकंद लवकर, पुढच्याला ६० उशीर, की दाते तयार. शिवाय दमलेला ठोका मुळातच उशिरा उंची गाठतो, त्यामुळे छपाईसुद्धा कडेपासून किंचित सरकते. पुढे काही यंत्रांत शेजारी शेजारी दोन डायोड लावायला लागले. किरण एकावरून दुसऱ्यावर जाताना दोघांचे संकेत जिथे समान होतात तो क्षण धरायचा. किरण मंद असो की तेज, समान होण्याची जागा तीच राहते. साधी आणि हुशार युक्ती.

कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दहा मिनिटांचं काम. मोटरचे पैसे मी त्यांना परत केले, म्हणजे अर्धे. उरलेले का नाही केले, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

तर तुमच्या दुकानात दिवाळीला रंग दिला का? लक्ष्मीपूजनाचा धूप मशिनजवळ झाला का? आणि दुसरं, काळा अजून गडद येतोय ना? संपूर्ण छपाई फिकी पडली असेल तर मोठ्या आरशावरही साय असेल किंवा लेझरच म्हातारा झाला असेल, मग खर्च टळत नाही. काळा गडद आणि दाते तिन्ही रेघांना सारखे, असं असेल तर दुरुस्तीवाल्याला सांगा, ‘युनिट उघड, बीडीचा आरसा आणि त्याच्यापुढचं भिंग पूस, कनेक्टर काढून पुन्हा बसव, मग बोलू.’ स्वतः उघडू नका. आतला किरण अवरक्त असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि इजा झाल्यावरच कळतं. वीज चालू असताना झाकण उघडणारा माणूस दुकानात उभा करू नका, मग तो कितीही स्वस्त असो.

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या बाजारातून लेझर प्रिंटरचं स्कॅनर युनिट घेतलं, ३५० रुपयांना. त्यावर सर्किट बोर्डाचं चित्र लेझरनं उमटवायचं यंत्र करतोय. मोटर ६,००० आरपीएमला चालवतो. बीडीचा पल्स आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या इंटरप्टला (हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या पिनेला) दिलाय आणि इंटरप्ट आला की डेटा सोडतो. पण ओळी अधूनमधून जवळजवळ मिलिमीटरभर उडी मारतात, आणि बाकीच्या वेळी बारीक थरथर असतेच. क्रिस्टल तर अचूक आहे. चूक कुठे?
(कोथरूड)

उत्तर : ३५० जास्त दिलेस. रविवारी दुपारी उशिरा गेला असतास तर दोनशेत मिळालं असतं.

क्रिस्टल अचूक आहे, पण ते तुझ्या किरणाला ओळखत नाही. ते आपल्या तालात वाजतंय, किरण आपल्या तालात येतोय. दोघांची गाठ घालणं हेच तुझं काम, आणि ते तू सॉफ्टवेअरवर सोपवलंयस.

तुझे आकडे मांडू. ६,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे, सहा बाजू धरून ६०० ओळी. एका ओळीला १,६६७ मायक्रोसेकंद, त्यातला कामाचा वेळ साधारण १,०००. तेवढ्यात किरण २१० मिलिमीटर जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ०.२१ मिलिमीटर. आता मिलिमीटरभर उडी म्हणजे पाच मायक्रोसेकंद. आर्डुइनोच्या पोटात मिलिसेकंद मोजणारा एक टायमर आपला आपण इंटरप्ट देत असतो, आणि तो चालू असताना तुझा बीडी दारात ताटकळतो. थांबायचा वेळ? त्याच घरातला, काही मायक्रोसेकंद. मोठी उडी तिथून येते. छपाई चालू असेपर्यंत तो इंटरप्ट बंद कर, उड्या थांबतील.

बारीक थरथर मात्र राहील. इंटरप्ट आला तरी प्रोसेसर हातातली सूचना पुरी करून मगच उठतो, आणि काही सूचना घड्याळाच्या एका ठोक्याच्या असतात, काही तीन-चारांच्या. १६ मेगाहर्ट्झला एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. तीन ठोक्यांचा फरक पडला तर ओळ ०.०४ मिलिमीटर सरकली, म्हणजे ६०० डीपीआयचा जवळपास एक अख्खा ठिपका. हे कोड सुधारून जाणार नाही, कितीही जागरणं केलीस तरी.

हार्डवेअरनं कर. तुला ठिपक्यांचं घड्याळ हवंय ५ मेगाहर्ट्झचं, २०० नॅनोसेकंदांचा एक ठिपका. ५ चं क्रिस्टल लावून बीडी आल्यावर दार उघडलंस तर घड्याळ त्या क्षणी आपल्या फेरीत कुठेही असू शकतं, म्हणून थरथर एका पूर्ण ठिपक्याची. त्याऐवजी ४० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर घे आणि काउंटरनं आठानं भाग. निघतील तेच ५ मेगाहर्ट्झ. पण बीडी आला की काउंटर शून्यावर आण, म्हणजे प्रत्येक ओळीत ठिपक्यांचं घड्याळ नव्यानं, किरणाच्या हजेरीपासून सुरू होईल. आता चूक उरते ती फार तर ४० मेगाहर्ट्झच्या एका ठोक्याची, २५ नॅनोसेकंद, म्हणजे बोर्डावर पाच मायक्रोमीटरच्या आसपास. भिंगाखालीही दिसणार नाही. ७४एसी१६१ हा काउंटर आयसी पुरेल. एचसी मालिकेतला काउंटर इतक्या वेगाला काठावर चालतो, थंडीत चालेल आणि मेमध्ये रुसेल.

एक खाच राहते. बीडी आणि घड्याळाची कड अगदी एकाच क्षणाला आली तर फ्लिपफ्लॉप (एक किंवा शून्य धरून ठेवणारं सर्किट) त्रिशंकूसारखा अधांतरी लटकतो, धड शून्य नाही धड एक नाही. बीडी आधी एकामागोमाग दोन फ्लिपफ्लॉपांतून ने, दोघांनाही तेच ४० चं घड्याळ. दोन ठोके उशीर होईल, होऊ दे. प्रत्येक ओळीला तेवढाच होतो ना, मग समासात वजा कर. या धंद्यात उशिराचं दुःख नसतं, कमी-जास्त उशिराचं असतं.

आणखी दोन गोष्टी, तू विचारल्या नाहीस तरी. एक, बीडीच्या जागी किरण येईल तेव्हा लेझर पेटलेला असायला हवा. चित्र पांढरं असलं तरी. मोटरनं वेग घेतला की आधी लेझर सलग पेटता ठेव, पहिला ठोका पकड, मग पुढच्या ठोक्याच्या जरा आधी पेटवायचं आणि मिळाला की विझवायचं. दोन, त्या युनिटमधलं लांबट प्लॅस्टिकचं भिंग काढून ठेवलं असशील तर परत बसव. बऱ्याच मुलांना ते निव्वळ काच वाटतं. त्याच्याशिवाय किरण कडांना जास्त वेगानं पळतो. मध्यापासून ३६ अंशांवर ठिपका जिथे पडायला हवा त्यापेक्षा साडेपंधरा टक्के लांब पडेल, आणि तुझ्या बोर्डाची भोकं कुठल्याच आयसीला जुळणार नाहीत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर (लेझरनं ओळ-ओळ चित्र टिपणाऱ्या) ८ किलोहर्ट्झचा रेझोनंट स्कॅनर, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा झुलणारा आरसा, आहे. दोन्ही दिशांनी स्कॅन केलं की पेशींच्या उभ्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. फेज, म्हणजे दोन्ही दिशांच्या ओळींचा वेळेचा मेळ, सरकवून नीट करते, पण सकाळी लावलेली दुपारी बिघडते. यंत्रात दोष आहे का?
(पाषाण)

उत्तर : दोष नाही, स्वभाव आहे. मी कॉन्फोकल दुरुस्त केलेला नाही, पण आरसा ओळखीचा आहे.

प्रिंटरचा आरसा गरगर फिरतो, तुमचा झोक्यासारखा झुलतो. एका झोक्यात दोन ओळी, जाताना एक आणि येताना एक, सेकंदाला १६,०००. येतानाची ओळ यंत्र स्मृतीत उलटी करून ठेवतं. आता आरशाचा इशारा आणि तुमच्या डिटेक्टरचा संकेत यांत थोडा जरी वेळेचा फरक राहिला, तर जातानाची ओळ एका बाजूला सरकते आणि येतानाची दुसऱ्या. पूर्ण झोक्यावर ५१२ पिक्सेल पसरले असं धरलं तर मधोमध, जिथे झोका सर्वात वेगात असतो, एका पिक्सेलला ७८ नॅनोसेकंद मिळतात. तेवढा फरक राहिला की लागोपाठच्या दोन ओळींत दोन पिक्सेलांची फट. म्हणून कंगवा. झूम वाढवलात की तेवढेच पिक्सेल लहान झोक्यात मावतात, आणि फेज पुन्हा लावावी लागते.

झोक्याला कितीही सांगा, तो आपल्याच लयीत झुलतो. ती लय आरशाच्या वजनावर आणि त्याच्या धातूच्या ताठपणावर ठरते, आणि ताठपणा तापमानाबरोबर बदलतो. त्यामुळे इथे घड्याळानं आरशामागे जायचं असतं, आरशानं घड्याळामागे नाही. चांगली यंत्रं तसं करतातही, पण यंत्र गरम होईपर्यंत थोडी सरक राहतेच. तुम्ही सकाळी चालू केल्या केल्या फेज लावता आणि मग एसी, लेझर, आरसा सगळं हळूहळू आपापल्या तापमानाला येतं. स्कॅनर अर्धा-पाऊण तास नुसता चालू ठेवा, ज्या झूमवर काम करायचंय त्याच झूमवर या, मग फेज लावा. त्यासाठी पेशी नको, स्पष्ट उभ्या कडांचा नमुना घ्या. आणि ज्या दिवशी मोजमापं प्रबंधात जाणार असतील त्या दिवशी एकाच दिशेनं स्कॅन करा. वेग निम्मा होईल, वाद होणार नाही.

प्रश्न : काका, मंडळासाठी लेझर प्रोजेक्टर आणलाय. पडद्यावर ‘मोरया’ लिहितो, पण प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला शेपूट राहतं आणि शेवट खाल्ला जातो. शिरोरेघ तर कुठून कुठे जाते.
(कसबा पेठ)

उत्तर : यात दोन छोटे आरसे असतात, त्यांना वजन आहे. रंगाला, म्हणजे लेझरच्या उजेडाला, वजन नाही. संगणकानं ‘इथे जा आणि पेट’ म्हटलं की रंग तत्क्षणी पेटतो, आरसा मागून धापा टाकत येतो. सेकंदाला ३०,००० बिंदूंवर चालवत असशील तर एक बिंदू ३३ मायक्रोसेकंदांचा. आरसा २०० मायक्रोसेकंद मागे असेल तर सहा बिंदूंची गफलत. सॉफ्टवेअरमध्ये रंग सरकवायची सेटिंग असते, कलर शिफ्ट किंवा ब्लँकिंग शिफ्ट अशा नावाची. एकेक बिंदू वाढवत जा. शेपूट जाईल तिथे थांब. पुढे गेलास तर उलट होईल, शेवटाला शेंडी फुटेल. शिरोरेघ एका सलग फटक्यात काढ, अक्षरागणिक तोडू नकोस, आणि तिच्या दोन्ही टोकांना चार-पाच बिंदू जास्त दे म्हणजे आरशाला थांबायला उसंत मिळेल.

आणि झोत मंडपातल्या पडद्यावरच ठेव, माणसांच्या डोक्याच्या बराच वर. मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर पुणे पोलिसांनी मनाई आदेश काढलेले आहेत. प्रोजेक्टर खाली वाकणार नाही असा नटबोल्टनं आवळ, सुतळीनं नाही.